ब्रेक्झिटनंतर बंदरांवरच्या तपासण्या: नाशिकच्या द्राक्षांची परीक्षा नेमकी कुठे होते?

जानेवारी २०२१. नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंड बंदरावर ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकांच्या जेवणाच्या डब्यातली हॅम सँडविच कस्टम्सचे अधिकारी काढून घेत होते. डच टीव्हीवरची ती दृश्यं जगभर फिरली. लोक हसले, पण नियम खरा होता. ब्रिटन आता युरोपियन युनियनबाहेरचा देश होता आणि बाहेरच्या देशातून मांस किंवा दुधाचे पदार्थ असे सहज आत नेता येत नाहीत. आदल्या महिन्यापर्यंत हेच सँडविच घेऊन तोच चालक त्याच बंदरातून बिनबोभाट गेला असता.

याच सुमारास सात हजार किलोमीटरवर नाशिक जिल्ह्यात द्राक्ष निर्यातीचा हंगाम सुरू होत होता. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून निघणाऱ्या कंटेनरपैकी मोठा हिस्सा नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात आणि ब्रिटनमध्ये उतरतो. म्हणजे ज्या सीमेवर सँडविच अडत होतं, तीच सीमा नाशिकच्या द्राक्षांच्या वाटेतही नव्यानं उभी राहिली होती.

व्यापाराचे नियम बदलतात तेव्हा बंदरं तयार असतात का? तयार असणं म्हणजे नेमकं काय? आणि त्याचा नाशिकच्या बागायतदाराशी काय संबंध?

ब्रेक्झिटनं बंदरांवर काय बदललं?

ब्रिटननं २३ जून २०१६ च्या सार्वमतात युरोपियन युनियन सोडण्याचा कौल दिला. प्रत्यक्ष बाहेर पडण्याची तारीख होती ३१ जानेवारी २०२०. त्यानंतर ११ महिन्यांचा संक्रमणकाळ ठेवला गेला. या काळात जुनेच नियम चालू राहिले. हा काळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला.

युनियनमध्ये असताना फ्रान्स, नेदरलँड्स किंवा स्पेनमधून ब्रिटनला जाणारा माल नाशिकहून पुण्याला जावा तसा जात होता. सीमेवर जकात नाही, कस्टम्सचा अर्ज नाही, आरोग्य प्रमाणपत्र नाही. १ जानेवारी २०२१ पासून हे सगळं लागू झालं. दोन्ही बाजूंमध्ये व्यापार करार झाल्यामुळे अटी पाळणाऱ्या मालावरचा कर वाचला, पण कागदपत्रं आणि तपासण्या वाचल्या नाहीत. कर शून्य असला म्हणजे सीमा मोकळी झाली, असं होत नाही.

फळं, भाज्या, मांस अशा मालासाठी या तपासण्यांचे तीन टप्पे असतात. पहिला कागदपत्रांचा: प्रमाणपत्रं आहेत का आणि त्यांवरचे तपशील जुळतात का. दुसरा ओळखीचा: कागदावर लिहिलेला माल आणि कंटेनरमधला माल एकच आहे का, सील तेच आहे का. तिसरा प्रत्यक्ष तपासणीचा: पेटी उघडणं, कीड किंवा रोग पाहणं, गरज पडली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवणं. पहिल्या टप्प्याला संगणक पुरतो. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यासाठी जागा, शीतगृह, माल उतरवायची सोय आणि प्रशिक्षित माणसं लागतात.

ब्रिटन तयार नव्हतं

युरोपियन युनियननं आपल्या बाजूच्या तपासण्या १ जानेवारी २०२१ पासूनच सुरू केल्या. ब्रिटननं मात्र युनियनमधून येणाऱ्या मालाच्या तपासण्या टप्प्याटप्प्यानं सुरू करायचं ठरवलं आणि मग त्या पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या मे २०२४ च्या अहवालानुसार हे पाच वेळा झालं. सीमेवरच्या नव्या व्यवस्थेचा एकूण खर्च किमान ४.७ अब्ज पौंड होईल, असा अंदाज याच अहवालात होता.

पुढे ढकलण्यामागे कारणं होती. बंदरांवर तपासणी केंद्रांची बांधकामं अपुरी होती, पशुवैद्यक आणि निरीक्षक कमी होते, संगणक यंत्रणा तयार होत होत्या आणि महागाई वाढत असताना आयात अन्न आणखी महाग होईल, ही भीती होती. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं नवा आराखडा जाहीर केला. त्यानुसार ३१ जानेवारी २०२४ पासून मध्यम जोखमीच्या मालासाठी आरोग्य प्रमाणपत्रं आणि ३० एप्रिल २०२४ पासून प्रत्यक्ष तपासण्या सुरू झाल्या.

तोवर काही बंदरांनी आपलं काम करून ठेवलं होतं. पोर्टस्मथ बंदरानं सुमारे अडीच कोटी पौंड खर्चून तपासणी केंद्र बांधलं. मग नियम सौम्य झाले आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठी इमारत हातात राहिली. डोव्हर बंदरात जागा अपुरी असल्यानं तिथल्या मालाच्या तपासणीसाठी सुमारे ३५ किलोमीटर आत सेव्हिंग्टन इथलं केंद्र ठरवण्यात आलं. बंदरातून निघालेला ट्रक तपासणीआधीच इतकं अंतर कापणार, मग मधे काय होईल, असा प्रश्न स्थानिक यंत्रणांनीच विचारला.

पुढे मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपियन युनियन यांनी अन्न आणि वनस्पती आरोग्याबाबत समझोता करण्याचं ठरवलं. पाठोपाठ युनियनमधून येणाऱ्या मध्यम जोखमीच्या फळं-भाज्यांची तपासणी जानेवारी २०२७ च्या अखेरीपर्यंत पुढे ढकलण्यात आली. म्हणजे काही केंद्रं ज्या तपासणीसाठी बांधली, ती तपासणी तिथे कधी पूर्ण जोमात झालीच नाही.

रॉटरडॅमनं काय वेगळं केलं?

समुद्राच्या पलीकडच्या काठावरचं चित्र वेगळं होतं. नेदरलँड्सनं ब्रेक्झिटची अंतिम तारीख ठरायच्या आधीच कस्टम्समध्ये शेकडो नवे कर्मचारी भरायला घेतले. बंदरातल्या कंपन्यांसाठी एकच डिजिटल व्यवस्था ठेवली. कागदपत्रांची माहिती आधी त्यात भरायची, नाहीतर ट्रकला टर्मिनलच्या फाटकातून आत प्रवेश नाही. कागद अपुरे असलेल्या ट्रकसाठी बंदराच्या आसपास वेगळी थांबण्याची जागा केली, म्हणजे एकाच्या चुकीमुळे मागची रांग अडणार नाही.

लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी तर डच सरकारनं चक्क निळ्या केसाळ राक्षसाची जाहिरात केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांच्या टेबलावर आडवा पसरलेला तो 'ब्रेक्झिट राक्षस' सोशल मीडियावर गाजला. संदेश साधा होता: हा तुमच्या वाटेत येणार आहे, आत्ताच तयारी करा.

बंदराच्या तयारीत क्रेन आणि धक्के यांच्याइतक्याच चार गोष्टी मोजाव्या लागतात: तपासणारी माणसं, तपासायची जागा, माल पोहोचण्याआधी मिळणारी माहिती आणि नियम लागू होण्याआधी मिळणारी मुदत. ब्रिटनच्या तयारीत जागा आणि माणसं उशिरा आली, मुदत सतत बदलत राहिली. रॉटरडॅमनं चारही गोष्टी आधी जमवल्या.

याचा नाशिकशी काय संबंध?

भारत युरोपियन युनियनसाठी कायमच बाहेरचा देश होता. त्यामुळे नाशिकच्या द्राक्षांना तपासण्या नव्या नव्हत्या. ब्रेक्झिटनं तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, रॉटरडॅम हे ब्रिटनचं दार राहिलं नाही. पूर्वी रॉटरडॅमला एकदा माल मोकळा झाला की तो जर्मनीला न्या किंवा ब्रिटनला, पुन्हा कस्टम्स नव्हतं. बाजार बघून शेवटच्या क्षणी माल वळवता येत होता. आता नेदरलँड्समधून ब्रिटनला माल पाठवणं ही स्वतंत्र निर्यात आहे. त्यामुळे कुठला कंटेनर कुठल्या देशाचा, हे नाशिकमध्येच ठरवावं लागतं. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर, म्हणजे निर्यातदार ज्याला 'फायटो' म्हणतात त्यावर, देशाचं नाव लिहिलेलं असतं.

दुसरी, कीटकनाशकांच्या अंशांची मर्यादा ठरवणारी दोन केंद्रं झाली. ब्रिटननं १ जानेवारी २०२१ ला युनियनच्या मर्यादा जशाच्या तशा घेतल्या, पण त्यानंतर त्या बदलण्याचा अधिकार लंडनकडे आला. दोन्हीकडे माल विकणाऱ्याला दोन्ही याद्या पाहाव्या लागतात आणि जी कडक असेल ती पाळावी लागते.

तिसरी, माल पोहोचण्याआधी आयातदारानं द्यायच्या सूचनेची यंत्रणा बदलली. युनियनची 'ट्रेसेस' ही प्रणाली ब्रिटनपुरती थांबली आणि तिच्या जागी ब्रिटनची स्वतःची प्रणाली आली. नाशिकच्या निर्यातदारानं पाठवलेला कंटेनर क्रमांक, सील क्रमांक आणि फायटोचा तपशील तिथे वेळेत भरला गेला नाही, तर माल पोहोचूनही बाहेर पडत नाही.

हे सगळं नाशिकला पेललं, कारण बागेपासून बंदरापर्यंत नोंद ठेवायची सवय आधीच लागली होती. ती सवय दोन मोठ्या ठेचा खाऊन लागली होती.

२००३ आणि २०१०: दोन ठेचा

२००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि तिथल्या यंत्रणांनी इशारा जारी केला. त्यानंतर केंद्र सरकारच्या अपेडा या निर्यात संस्थेनं द्राक्षांसाठी अंश नियंत्रण आराखडा लागू केला. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा त्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही ऑनलाइन प्रणाली आली. परदेशात विकल्या गेलेल्या पेटीवरून ती द्राक्षं कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधली आहेत, हे शोधता येऊ लागलं. भारतीय शेतमालासाठी अशी व्यवस्था तेव्हा नवीनच होती.

तरी २०१० मध्ये दुसरी ठेच लागली, आणि ती जास्त जोराची होती. वेलीची शाखीय वाढ रोखून घड चांगले यावेत म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढनियंत्रक वापरत. गावात ते 'लिहोसिन' किंवा 'सीसीसी' म्हणून ओळखलं जायचं. युरोपात त्याची मर्यादा एका किलोला ०.०५ मिलीग्रॅम होती. म्हणजे एक टन द्राक्षांत ५० मिलीग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षाही कमी. भारतात ज्या रसायनांसाठी नमुने तपासले जात होते, त्या यादीत हे नावच नव्हतं.

परिणामी बागायतदाराकडे 'पास' झाल्याचा अहवाल होता, निर्यातदाराकडे सगळी कागदपत्रं होती, बंदरातून माल रीतसर निघाला होता आणि युरोपात उतरल्यावर तो अडला. कंटेनर नाकारले गेले, भाव कोसळले, निर्यातदार अडचणीत आले आणि बागायतदारांचे पैसे अडकले. यात कोणी कागद लपवले नव्हते. खरेदीदार देश काय तपासतो आणि आपण काय तपासतो, या दोन याद्यांमध्ये फरक होता.

त्यानंतर तपासणीची यादी वाढवली गेली. दर हंगामाआधी ती नव्यानं पाहिली जाऊ लागली.

बागेपासून बंदरापर्यंत: तपासणी कशी होते?

आज नाशिकहून युरोप किंवा ब्रिटनला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रवास साधारण असा असतो.

नोंदणी: बागायतदार आपला प्लॉट कृषी विभागामार्फत निर्यातीसाठी नोंदवतो. नोंदणी दर हंगामाला करावी लागते. फवारणीची वही ठेवावी लागते: कोणतं औषध, किती मात्रा, कोणती तारीख. फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं, हे औषधागणिक ठरलेलं असतं.

नमुना: काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर तो प्लॉट निर्यातीपुरता थांबवला जातो. तो माल त्या वेळी युरोपला जाऊ शकत नाही. मग तो देशी बाजारात किंवा वेगळे निकष असलेल्या देशांत विकावा लागतो.

पॅकहाऊस: माल अपेडाकडे नोंदलेल्या पॅकहाऊसमध्येच भरला जातो. घड विरळून, खराब मणी काढून, पेट्या भरून काही तासांत प्रीकूलिंग होतं आणि मग माल शून्य अंशाच्या आसपास ठेवला जातो. प्रतवारीसाठी ॲगमार्क प्रमाणपत्र लागतं.

फायटो: पिठ्या ढेकूण किंवा दुसरी कीड नाही ना, हे पाहून अधिकृत अधिकारी प्रमाणपत्र देतो. नाशिकमध्ये हे काम कृषी विभागाचे अधिकृत अधिकारी करतात, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी मुंबई गाठावी लागत नाही. लाकडी पॅलेट वापरलं असेल तर ते प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलंच हवं. द्राक्षं उत्तम असली तरी शिक्का नसलेल्या फळीमुळे माल अडू शकतो.

सील आणि शिपिंग बिल: २०१७ पासून निर्यातदार स्वतः इलेक्ट्रॉनिक सील लावून कंटेनर बंद करू शकतो. कस्टम्सचा माणूस समोर असण्याची गरज उरली नाही. शिपिंग बिल ऑनलाइन भरलं जातं. संगणक जोखीम मोजून ठरवतो की कोणता कंटेनर उघडायचा आणि कोणता नाही.

बंदर: नाशिकहून सुमारे २०० किलोमीटरवर उरणजवळच्या न्हावा-शेवा इथलं जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजे जेएनपीए. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. ई-सील लावलेले कंटेनर इथे मध्यवर्ती पार्किंग प्लाझात येतात, तिथे कस्टम्सची कागदपत्रं पूर्ण होतात आणि कंटेनर थेट टर्मिनलमध्ये जातो. सील शाबूत असेल आणि नोंदी जुळत असतील, तर पेटी उघडायचं कारण राहत नाही.

म्हणजे नाशिकच्या द्राक्षांच्या बाबतीत बंदरावर होणारी तपासणी ही साखळीतली शेवटची कडी आहे. खरी तपासणी बागेत, प्रयोगशाळेत आणि पॅकहाऊसमध्ये होऊन गेलेली असते. म्हणूनच नवी सीमा आली तेव्हा इथे नवी इमारत बांधावी लागली नाही. असलेल्या नोंदींत एका देशाची भर घालणं पुरलं.

बंदरावर एक दिवस गेला तर काय होतं?

२०२३-२४ मध्ये भारतानं सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षं निर्यात केली. त्यांची किंमत होती सुमारे ३,४६१ कोटी रुपये. यात महाराष्ट्राचा आणि त्यातही नाशिकचा वाटा सर्वांत मोठा आहे.

एका चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये साधारण १३ ते १४ टन द्राक्षं बसतात. म्हणजे काही एकरांची वर्षभराची मेहनत एका पेटाऱ्यात. कंटेनर थांबला की वीजजोडणीचं भाडं चढतं, जहाज चुकलं तर पुढच्या जहाजाची वाट पाहावी लागते, देठ सुकू लागतात. दुकानात ग्राहक आधी देठ बघतो. हिरवा देठ म्हणजे ताजा माल.

२०२४ च्या हंगामात हे प्रकर्षानं दिसलं. तांबड्या समुद्रात हूथी बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते. त्यामुळे जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. ज्या फळाचं टिकण्याचं आयुष्यच आठवड्यांत मोजायचं, त्यातले दोन आठवडे समुद्रातच संपले. अशा वेळी पोहोचल्यावर तपासणीत जाणारा प्रत्येक दिवस आणखी महाग पडतो.

म्हणूनच जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात नाशवंत मालासाठी वेगळी तरतूद आहे. अटी पूर्ण असतील तर असा माल कमीत कमी वेळात सोडावा आणि तपासणीत त्याला प्राधान्य द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. भारतानं हा करार २०१६ मध्ये मान्य केला आणि तो फेब्रुवारी २०१७ मध्ये लागू झाला.

मुदतच नसेल तर? कांद्याचं उदाहरण

ब्रिटननं मुदत पाच वेळा वाढवली म्हणून टीका झाली. पण अजिबात मुदत नसेल तर काय होतं, हे नाशिकनं कांद्याच्या बाबतीत पाहिलं आहे.

१९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. निर्णय तत्काळ लागू झाला. तोवर जुन्या भावानं सौदे झालेले होते, कंटेनर वाटेत होते, काही बंदरावर पोहोचले होते. नाशिकमधल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. पुढे ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातीवरच बंदी आली. या वेळी अधिसूचनेआधीच कस्टम्सच्या ताब्यात दिलेल्या किंवा जहाजावर चढवायला घेतलेल्या मालाला सवलत होती. पण लासलगाव-पिंपळगावहून निघून रस्त्यात असलेल्या ट्रकला ती उपयोगाची नव्हती.

४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य हटलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. वीस महिन्यांत किमान पाच वेळा नियम बदलले. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, हा यामागचा हेतू होता आणि तो हेतू गैर म्हणता येणार नाही. पण प्रत्येक बदलाच्या दिवशी बंदराच्या फाटकावर उभ्या असलेल्या कंटेनरचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्यानं उभा राहिला. बंदर कितीही सुसज्ज असलं, तरी रात्रीतून बदललेल्या नियमासाठी कोणतंच बंदर तयार नसतं.

कस्टम्स नाशिकमध्येच आणता येईल का?

येतं, आणि काही प्रमाणात आलेलंही आहे. दिंडोरी तालुक्यातल्या जानोरी इथे अंतर्देशीय कंटेनर डेपोची सोय आहे. ओझर विमानतळाला लागून एअर कार्गोची व्यवस्था आहे. अशा ठिकाणी कस्टम्सचं काम उरकून माल बंदराकडे रवाना करता येतो. याशिवाय निफाड सहकारी साखर कारखान्याच्या जागेवर जेएनपीएच्या मदतीनं ड्रायपोर्ट उभारण्याचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. ते पूर्ण झालं की उत्तर महाराष्ट्राच्या मालाला आणखी एक वाट मिळेल. या बंदराला स्थानिक मच्छीमारांचा विरोधही आहे.

पण इमारतीनं सगळं सुटत नाही, हे मे २०२५ मध्ये आंब्यांच्या बाबतीत दिसलं. नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया होऊन विमानानं अमेरिकेला गेलेले आंब्यांचे सुमारे १५ माल तिथल्या विमानतळांवर नाकारले गेले. कारण कीड सापडल्याचं नव्हतं, विकिरण प्रक्रियेच्या कागदपत्रात त्रुटी असल्याचं होतं. परत आणणं परवडणारं नसल्यानं आंबा तिथेच नष्ट करावा लागला आणि सुमारे ५ लाख डॉलरचं नुकसान झाल्याचा निर्यातदारांचा अंदाज होता. केंद्र होतं, यंत्र होतं, अमेरिकेचा निरीक्षकही तिथेच होता. घोळ झाला तो एका कागदावर.

पुढचं संक्रमण: भारत-ब्रिटन करार

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. भारतातून जाणाऱ्या जवळपास ९९ टक्के वस्तूप्रकारांवरचं शुल्क ब्रिटन काढून टाकेल, असं त्यात ठरलं आहे. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका, इजिप्त या स्पर्धक देशांशी बरोबरीनं उतरण्याच्या दृष्टीनं द्राक्ष उत्पादकांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण ब्रेक्झिटचा अनुभव इथेही लागू पडतो: शुल्क गेलं तरी तपासणी राहते. उलट सवलत हवी असेल तर माल खरोखर भारतातच पिकलेला आहे, याचा पुरावा द्यावा लागतो. करारात निर्यातदाराला स्वतः मूळ देशाची घोषणा करण्याची मुभा आहे. त्यानं वेळ वाचेल, पण घोषणेत चूक झाली तर जबाबदारीही त्याचीच. कीटकनाशकांच्या अंशांची मर्यादा या करारानं सैल होत नाही.

बागायतदारानं काय लक्षात ठेवावं?

- माल कोणत्या देशात जाणार, हे काढणीआधी निर्यातदाराकडून नक्की करून घ्यावं. युरोप आणि ब्रिटन आता दोन वेगळे बाजार आहेत.
- चालू हंगामाची अंशमर्यादेची यादी पाहावी. मागच्या वर्षीची यादी आणि दुकानदाराचा सल्ला यांवर विसंबू नये. २०१० मध्ये घात झाला तो यादीत नसलेल्या औषधानं.
- फवारणीची वही त्याच दिवशी भरावी. माल अडला तर पहिला प्रश्न तिच्याबद्दलच येतो.
- माल परदेशात नाकारला गेला तर नुकसान कोणाचं, हे सौदा करतानाच लेखी ठरवावं.
- प्रयोगशाळेचा अहवाल, प्लॉट क्रमांक आणि कंटेनर क्रमांक यांची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षाला चार-साडेचार महिने लागतात. नियम बदलणाऱ्या कोणत्याही सरकारनं, लंडनच्या असो वा दिल्लीच्या, हा हिशेब ध्यानात ठेवला तर बंदरावरची रांग बरीच कमी होईल. छाटणीच्या वेळी माहीत असलेला नियम बागायतदार पाळू शकतो. कंटेनर उरणला पोहोचल्यावर कळलेला नियम पाळणं त्याच्या हातात राहिलेलं नसतं.